पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी अर्धा निधी मागताना उरलेल्या अर्ध्याचा हिशेब आधी मांडा

अंशतः निधीच्या योजनेत निधी देणारी संस्था पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या पगाराचा किंवा विद्यावेतनाचा काही भाग उचलते, बहुधा निम्मा. बाकीचा भाग मार्गदर्शकाने आपल्या प्रकल्पातून, विभागातून किंवा रुग्णालयाकडून उभा करायचा असतो. अर्ज लिहायला बसणारे बहुतेक जण आपली सगळी ताकद विज्ञानाच्या पानांवर लावतात आणि पैशांचा तक्ता शेवटच्या रात्री भरतात. निवड समितीला मात्र विज्ञानाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा असतो: आम्ही अर्धे दिले, तर उरलेले अर्धे खरोखर येणार आहेत का? तिसऱ्या वर्षी पैसे आटले तर नुकसान त्या विद्यार्थ्याचं होतं, म्हणून हा प्रश्न कडकपणे विचारला जातो आणि तो तसाच विचारला जायला हवा.

सूचना वाचताना

सूचनापत्र हातात आल्यावर आधी चार गोष्टी अधोरेखित करा. निधी फक्त पगाराला आहे की साहित्याला आणि प्रवासालाही? किती महिन्यांसाठी आहे? कोणत्या तारखेपर्यंत विद्यार्थ्याची नोंदणी व्हायला हवी? आणि विद्यार्थी आधी ठरलेला चालतो, की निधी मिळाल्यावर जाहिरात देऊन निवडायचा? शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ गोंधळ होतो. काही योजनांत आधीच नोंदणी झालेला विद्यार्थी अपात्र ठरतो. काहींत उलट, नाव दिल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. अर्जदार बहुधा मुख्य मार्गदर्शक असतो, विद्यार्थी नव्हे. तरी विद्यार्थी ठरलेला असेल तर मसुदा त्याच्यासोबत बसून लिहावा, कारण पुढची चार वर्षं त्यालाच त्या कागदाप्रमाणे काम करायचं आहे.

अर्धवेळ संशोधन करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टच्या बाबतीत आकडेमोड हमखास चुकते. पीएचडीचा कालावधी पूर्णवेळ ४८ महिने धरला, तर निम्मा वेळ देणाऱ्याला दिनदर्शिकेतले ९६ महिने लागतात. योजना संशोधनाच्या वेळेचा अर्धा खर्च देत असेल आणि संशोधनाची वेळ नोकरीच्या निम्मी असेल, तर मागायची रक्कम पूर्ण पगाराच्या २५ टक्के होते. सवयीने ५० टक्के लिहिले, तर संशोधनाच्या वेळेचा संपूर्ण खर्च मागितल्यासारखं होतं आणि अर्ज छाननीतच अडकतो.

पैशांचा तक्ता

पहिल्या वर्षाचा पगार, त्यावरचा नियोक्त्याचा वाटा आणि विमा धरून, १०० एकक समजा. दरवर्षी ३ टक्के वाढ धरली तर चार वर्षांचे आकडे १००, १०३, १०६.०९ आणि १०९.२७ येतात, बेरीज ४१८.३६. योजना दरवर्षी ठराविक ५० एकक देत असेल तर तिच्याकडून एकूण २०० मिळतील. तुम्हाला उभे करायचे आहेत २१८.३६, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त, सुमारे ५२ टक्के. हा १८.३६ चा फरक छोटा वाटतो, पण तो विद्यार्थ्याचा जवळपास दोन महिन्यांचा पगार आहे. प्रबंध लिहायच्या ऐन वेळी हेच दोन महिने तुटतात. म्हणून तक्त्यात वाढीची ओळ वेगळी दाखवा आणि ती कोण भरणार हेही लिहा.

ओव्हरहेडची, म्हणजे जागा, वीज, प्रशासन अशा संस्थेच्या अप्रत्यक्ष खर्चाची, टक्केवारी कशावर आकारायची हेही तपासा. थेट खर्च १०० असेल आणि ओव्हरहेड थेट खर्चाच्या २० टक्के असेल, तर एकूण १२० होतात. तोच एकूण रकमेच्या २० टक्के असेल, तर १२५ होतात. अंशतः निधीतून ओव्हरहेड घेता येत नसेल तर तो भारही तुमच्या वाट्याला येतो, आणि ते अकाउंट्स विभागाला आधी सांगितलेलं बरं.

पगाराव्यतिरिक्त काय काय सुटतं? किट आणि रसायनं सगळे लिहितात. सुटतात ते फ्रीझरमधल्या नमुन्यांच्या साठवणुकीचे पैसे, सहभागी रुग्णांचा येण्याजाण्याचा खर्च, संख्याशास्त्रज्ञाचे तास, सॉफ्टवेअरचा परवाना, प्रश्नावली वापरण्याचं शुल्क आणि शोधनिबंध खुला प्रकाशित करण्याचा खर्च. प्रसूती किंवा आजारपणाच्या रजेमुळे मुदत वाढते, पण निधी आपोआप वाढेलच असं नाही. रजेतला पगार कोणाच्या खात्यातून जातो हे विचारून ठेवा.

हमीपत्र

उरलेला वाटा कोण, कधी आणि कुठून देणार याची लेखी हमी म्हणजे हे पत्र. अंशतः निधीच्या अर्जात सर्वांत जास्त मेहनत घ्यावी ती या एका पानावर. नेहमी दिसणारं वाक्य असं असतं: ‘विभाग सदर विद्यार्थ्यास आवश्यक ते सर्व सहकार्य करेल.’ यात पैसा नाही, काळ नाही, जबाबदारीही नाही. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘विद्यार्थ्याच्या पगारातील ५० टक्के वाटा पहिल्या व दुसऱ्या वर्षी मुख्य मार्गदर्शकांच्या चालू प्रकल्पातून दिला जाईल. तो प्रकल्प दुसऱ्या वर्षाअखेर संपत असल्याने तिसऱ्या व चौथ्या वर्षी तेवढाच वाटा विभागाच्या निधीतून दिला जाईल. वार्षिक पगारवाढीमुळे येणारा फरक चारही वर्षे विभाग उचलेल.’ पत्रात प्रकल्पाचा क्रमांक, तो संपण्याची तारीख आणि आज शिल्लक असलेली रक्कम द्या. सही ज्याला खर्च मंजूर करण्याचा अधिकार आहे त्याचीच हवी. मार्गदर्शकाने स्वतःलाच दिलेली हमी धरली जात नाही.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, तोच प्रकल्प दोन विद्यार्थ्यांसाठी तारण दाखवला जातो. समितीपुढे एकाच विभागाचे अर्ज शेजारी शेजारी येतात, त्यामुळे हे चटकन लक्षात येतं. दोन, अजून मंजूर न झालेला दुसरा अर्ज मिळाल्यासारखा दाखवतात. मंजुरीची वाट पाहत असलेला पैसा तसाच लिहा आणि तो नाही आला तर विभाग काय करेल ते पुढच्याच ओळीत द्या. तीन, यंत्रं, जागा, मार्गदर्शकाचा वेळ अशा वस्तुरूपातल्या मदतीला पैशांच्या वाट्यात धरतात. योजना पगाराची असेल तर ही मदत सहसा मोजली जात नाही. ती आराखड्यात सुविधा म्हणून लिहा, तक्त्यात नको.

संशोधनाचा आराखडा

इथे मोठ्या प्रकल्पाचा प्रस्ताव कापून चिकटवण्याचा मोह होतो. समितीला प्रकल्पाबरोबर विद्यार्थ्याचं शिक्षणही पाहायचं असतं. प्रबंध तीन-चार उपअभ्यासांत मांडा आणि प्रत्येकात विद्यार्थी नेमकं काय करणार ते क्रियापदासह लिहा: प्रोटोकॉल लिहील, रुग्णांच्या मुलाखती घेईल, पेशी वाढवेल, विश्लेषण चालवेल. ‘विद्यार्थी प्रकल्पात सहभागी होईल’ यातून काहीच कळत नाही. पहिला उपअभ्यास हाताशी असलेल्या माहितीवर किंवा आधीच्या संशोधनाच्या पद्धतशीर आढाव्यावर ठेवला, तर परवानग्यांची वाट पाहतानाही काम सुरू राहतं. चारही उपअभ्यास एकाच न घडलेल्या चाचणीवर उभे केले आणि ती फसली, तर प्रबंधच उरत नाही.

वेळापत्रक खरं आहे की नुसतं सजवलेलं, हे नमुन्याच्या आकड्यावरून कळतं. पक्षाघातानंतरच्या व्यायामपद्धतीची दोन गटांत तुलना करायची आहे आणि अपेक्षित फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) आहे, असं समजा. ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून एका गटात सुमारे ६४ जण लागतात. झटपट पडताळणीसाठी १६ ला अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा. फरक प्रमाण विचलनाच्या एककात घ्यायचा. १५ टक्के लोक मध्येच सोडतील असं धरलं, तर ६४ भागिले ०.८५ म्हणजे ७६, दोन गट मिळून १५२.

आता बाह्यरुग्ण विभागाकडे वळा. महिन्याला २० रुग्ण येतात, निम्मे निकषांत बसतात आणि त्यातले निम्मे तयार होतात, म्हणजे हातात आले ५. १५२ लोक गोळा करायला ३१ महिने लागतील. नीतिसमितीची परवानगी आणि तयारीला ६ महिने, शेवटच्या रुग्णाच्या पाठपुराव्याला ६ महिने, ४३ झाले. ४८ पैकी विश्लेषणाला आणि लेखनाला उरले ५. समितीतला अनुभवी माणूस हे गणित पानाच्या कडेला पेन्सिलीने करतो. अशा वेळी काही जण अपेक्षित फरक ०.५ ऐवजी ०.८ लिहून गट २५ वर आणतात. त्यामागे आधीच्या अभ्यासाचा आधार नसेल, तर हे सरळ पकडलं जातं, आणि पकडलं गेलं नाही तरी चाचणीतून निष्कर्ष निघत नाही; रुग्णांनी दिलेला वेळ वाया जातो. खरा उपाय दुसरं केंद्र जोडण्याचा आहे. तितक्याच रुग्णांचं आणखी एक रुग्णालय मिळालं, तर महिन्याला १० जण येतात, भरती १६ महिन्यांत होते आणि लिहायला २० महिने हातात राहतात. त्या रुग्णालयाचं संमतीचं पत्र मात्र अर्जाला जोडलेलं हवं.

निरीक्षणात्मक अभ्यास असेल, म्हणजे उपचार न बदलता नुसती नोंद घ्यायची असेल, तर अशा अभ्यासांच्या अहवालासाठी असलेल्या स्ट्रोब (STROBE) या मार्गदर्शिकेच्या २२ मुद्द्यांची यादी आताच समोर ठेवा. ती अहवाल लिहिण्यासाठी केलेली आहे, पण नियोजनातली भोकं दाखवायलाही चांगली उपयोगी पडते.

नीतिसमितीची परवानगी मिळाली असेल तर क्रमांक द्या, नसेल तर अर्ज कधी करणार तो महिना लिहा. १९६४ साली स्वीकारलेलं आणि २०२४ मध्ये सुधारलेलं हेलसिंकी घोषणापत्र, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं, पाळू, एवढं एक वाक्य पुरत नाही. संमतिपत्र कोण समजावून सांगणार, वाचता न येणाऱ्या रुग्णाचं काय, हे लिहा. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदवा; वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून ही अट घातली आहे आणि उशिरा नोंदवलेल्या चाचणीचा शोधनिबंध नाकारला जाऊ शकतो. प्राण्यांवर प्रयोग असतील तर पर्याय का चालत नाही आणि संख्या कशी कमी केली, ही दोन उत्तरं तयार हवीत. रुग्णांच्या माहितीतली नावं काढून सांकेतिक क्रमांक दिले असतील, तर क्रमांकांची किल्ली वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या परवानगीखाली ठेवायची.

मार्गदर्शक आणि शिक्षण

सध्या किती विद्यार्थी आहेत, ते प्रामाणिकपणे लिहा. प्रत्येकाला आठवड्याला एक तास धरला तरी आठ विद्यार्थ्यांचा पूर्ण कामाचा दिवस होतो. सहमार्गदर्शक मानापुरते जोडू नका. प्रकल्पाला लागणारं, पण तुमच्याकडे नसलेलं कौशल्य ज्याच्याकडे आहे त्यालाच घ्या. आरोग्यविज्ञानात बहुधा तो जैवसंख्याशास्त्राचा माणूस असतो. शोधनिबंधांच्या यादीत नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचा आकडा) लिहायची गरज नाही. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर सही केलेल्या संस्थांनी तो न मोजण्याचं मान्य केलं आहे. त्यापेक्षा तुमचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले, ते सांगा.

सामान्य वाचकासाठीचा गोषवारा बहुतेक जण तांत्रिक सारांश जरा मऊ करून देतात. ‘पक्षाघातोत्तर चलनक्षमतेवरील कार्याधारित प्रशिक्षणाचा परिणाम’ याऐवजी ‘पक्षाघातानंतर माणूस पुन्हा घराबाहेर चालत जाऊ शकेल का, आणि त्यासाठी कोणता व्यायाम जास्त उपयोगी, हे आम्ही तपासणार आहोत’ असं लिहा. समितीतले निम्मे सदस्य तुमच्या विषयातले नसतात. ते हाच परिच्छेद आधी वाचतात.

सह्या आणि पोर्टल

मुदतीच्या आठ आठवडे आधी हमीपत्राचा मसुदा विभागप्रमुखांकडे पोचवा, कारण सह्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो. सहाव्या आठवड्यापर्यंत अकाउंट्सकडून तक्ता तपासून घ्या. चार आठवडे उरले असताना आराखडा तुमच्या विषयाबाहेरच्या एका सहकाऱ्याला वाचायला द्या. पानांची मर्यादा, अक्षराचा आकार आणि पीडीएफचं नाव सूचनेप्रमाणेच ठेवा. एक पान जास्त झालं तरी पोर्टल कधी कधी फाइल घेत नाही. शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावतं, म्हणून आदल्या दिवशी सादर करा आणि पोचपावती जपून ठेवा. तक्त्यातली, हमीपत्रातली आणि पोर्टलच्या रकान्यातली रक्कम तंतोतंत एक आहे ना, हे सादर करण्याआधी दोघांनी बसून मोठ्याने वाचून ताडून पाहा.

मंजुरीपत्र आलं की नोंदणीच्या मुदतीचे दिवस मोजायला लागतात. जाहिरात, मुलाखती, नेमणूक आणि विद्यापीठातली नोंदणी यांत महिने सहज जातात, आणि मुदत उलटली तर मंजूर निधी परत जातो. त्यामुळे जाहिरातीचा मजकूर आणि निवड समितीची नावं, अर्जाचा निकाल लागण्याआधीच तयार ठेवा.