फुकटच्या सॉफ्टवेअरला लोक पैसे द्यायला लागले की काय करायचं

आम्ही पाच जण मिळून एक मराठी कीबोर्ड बनवतो, सोर्स कोड सगळा खुला, पगार कुणालाच नाही. मदतीसाठी पहिला क्यूआर लावला तो माझ्याच खात्याचा. तीन महिन्यांनी स्टेटमेंट उघडलं तर दूधवाला, लाइट बिल, आणि मध्येच एका निवृत्त मास्तरांचे १०१ रुपये, खाली नोट, "दऱ्या आणि दर्या वेगळे टाइप होतात म्हणून." आता त्या १०१ मधून मी दूध आणलं की सर्व्हरचं बिल भरलं, हे मलाच सांगता येईना.

तर पहिलं काम, वेगळं खातं. संस्था नसली तरी दोघांच्या नावाचं जॉइंट सेव्हिंग खातं निघतं, फक्त दोघांच्या सहीशिवाय चालणार नाही असं ठेवलंत तर यूपीआय जोडता येत नाही, म्हणून दोघांपैकी कुणीही चालवेल असं ठेवा आणि हिशोबाची शीट सगळ्यांना बघता येईल अशी उघडी टाका. कर मात्र ज्याचा पॅन त्याच्या डोक्यावर. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात आलेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली की नुसती वरची नाही, पहिल्या रुपयापासून सगळी करपात्र होते. पैसे स्वतःवर खर्च केले नव्हते हे समजावायला मग पावत्या लागतात, म्हणून सर्व्हरचं, डोमेनचं प्रत्येक बिल पीडीएफ करून ठेवा.

डोमेनवरून, म्हणजे साइटच्या पत्त्यावरून आठवलं, ते कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुणाकडे, माणूस सोडून गेला तर काय, हे एका कागदावर लिहून पाचही जणांनी सही करा. आमचं डोमेन एका मित्राच्या कार्डावर होतं, कार्डाची मुदत संपली आणि दोन दिवस साइट गायब, तो बिचारा ट्रेकला.

आता लगेच ट्रस्ट काढूया म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. थांबा. वर्षाला पंचवीस-तीस हजार येत असतील तर आधी कुणाच्या छत्रीखाली जाता येतं का बघा. याला फिस्कल होस्ट म्हणतात, म्हणजे पैसे त्यांच्या खात्यात, हिशोब तुमच्या प्रोजेक्टच्या नावाने, बिल दाखवा आणि ते भरतात. डेबियन या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे पैसे असेच सांभाळायला १९९७ मध्ये अमेरिकेत सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था झाली, ते देणगीतले ५ टक्के घेतात, सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी १० टक्के घेते. मला ही टक्केवारी अजिबात महाग वाटत नाही, कारण ऑडिट, पावत्या, सरकारी फॉर्म ही कटकट त्यात जाते. फक्त होस्टच बंद पडला तर आपले पैसे कुठे जाणार हे करारात आधी वाचा. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अशाच होस्टने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा बऱ्याच जणांची नवी छत्री शोधताना धावपळ झाली. आपल्याकडे फॉस युनायटेड ही खुल्या सॉफ्टवेअरसाठीची संस्था भारतातल्या प्रोजेक्टना अनुदान देते, आणि मोठं काम असेल तर झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचा फ्लॉस फंड आहे, त्याला प्रोजेक्टमध्ये पैसे कशाला हवेत ते सांगणारी फंडिंग डॉट जेसॉन नावाची फाइल ठेवावी लागते.

एवढं करूनही संस्था हवीच असेल तर महाराष्ट्रात तीन वाटा. सोसायटीला कमीत कमी सात माणसं लागतात, आणि ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली तरी आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातही येते, म्हणजे सर्टिफिकेटं दोन. ट्रस्टला माणसं कमी चालतात, दोघं असले तरी होतं. दोन्हींसाठी चक्कर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. नोंदणीचं एवढं काही नाही हो, खरी गंमत पुढे आहे. दरवर्षी सीएकडून ऑडिट, आणि कमिटीत एक माणूस बदलला तरी ९० दिवसांत बदल अर्ज. आपल्या प्रोजेक्टांत माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात! म्हणून कमिटीत कोड लिहिणारे घालू नका, टिकणारे घाला, आमच्यात एकाची आई खजिनदार आहे आणि तिच्याइतका चोख हिशोब कुणाचाच नाही. तिसरी वाट सेक्शन ८ कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, कंपन्यांना देणगी द्यायला ती बरी वाटते, पण वर्षाचे फायलिंग जास्त आणि सीएची फीही.

८० जी, म्हणजे देणगीदाराला करात सवलत मिळवून देणारी नोंदणी, तिच्यासाठी जीव टाकू नका. नव्या कर पद्धतीत देणगीदाराला ती सवलत मिळतच नाही आणि आपले देणगीदार बहुतेक पगारदार प्रोग्रामर, त्यातले बरेच नव्या पद्धतीतच.

कंपनी पैसे देते म्हणाली तर बदल्यात काय मागते ते नीट ऐका. आभाराच्या पाटीवर नुसतं नाव, तर ती देणगी. लोगो, त्यावर लिंक, आमच्या प्रॉडक्टबद्दल चार ओळी, तर ती जाहिरात झाली, आणि मग जीएसटीचा प्रश्न येतो.

आणि सगळ्यात सांभाळायचं ते बाहेरचे पैसे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याखालच्या नोंदणीशिवाय ट्रस्ट किंवा सोसायटीच्या खात्यात परदेशी देणगी घेऊच नका, अगदी शंभर रुपयेसुद्धा. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतात. पाच जणांच्या कीबोर्डला हे झेपणारं नाही. त्यापेक्षा परदेशी होस्ट धरा, सर्व्हरचं बिल तिकडच्या तिकडे भरलं जातं.

यात एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. पैसे डॉलरमध्ये आले की रुपयात हा मुद्दा नाही, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतात. न्यू जर्सीतला मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तोच अमेरिकन नागरिक झाला, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं, सुट्टीत पुण्यात येऊन रुपयात दिले, तरी ती परदेशीच. म्हणून आम्ही फॉर्मवर सरळ विचारतो, पासपोर्ट कुठला? माझ्या मावसभावाने नुसता "निळा" असं भरलं होतं. अरे, दोन्ही निळेच असतात, त्याला फोन करून विचारावं लागलं.