उडवलवेला हत्ती बघायला जाताय?

श्रीलंकेला निघालेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न हमखास बिबट्याचा असतो. त्यासाठी ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात जा. हत्ती पोटभर बघायचे असतील तर मात्र उडवलवेच. तिथे ते बारा महिने दिसतात. धरणामुळे हटलेल्या जनावरांना आसरा मिळावा म्हणून 1972 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. मोकळी गवताळ कुरणं, काटेरी झुडपं आणि मध्ये जलाशय, त्यामुळे लांबचा कळपही नजरेत येतो.

आदल्या रात्री उद्यानाजवळच मुक्काम करा आणि सकाळी 6 वाजता फाटकावर हजर राहा. जीपचं भाडं आणि प्रवेशशुल्क वेगळं असतं, दोन्ही आधी विचारून घ्या.

निघतानाच चालकाला सांगा, "कळप दिसला की इंजिन बंद करायचं आणि आम्ही म्हणेपर्यंत हलायचं नाही." दहा ठिकाणी पळण्यापेक्षा एका कळपापाशी तासभर बसा. हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी गवत सैल करते, सोंडेत जुडी धरून उपटते, ती पायावर आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. माझी आई बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अगं, ही तर मेथी निवडल्यासारखं निवडतेय!"

सुळे शोधत बसू नका, तिथल्या बहुतेक नरांनाही ते नसतात. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ आलेला नर दिसला तर तो मदावर, म्हणजे माजावर आलेला आहे. जीप मागे घ्यायला सांगा. मगरी आणि रानम्हशी पाण्याकाठी बघा. आपल्या कोकणातला कवड्या धनेश पक्षीही इथे भेटतो.

दुपारी जवळच्या हत्ती संक्रमण केंद्रात जा. 1995 पासून तिथे अनाथ पिल्लं वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी त्यांना दूध पाजताना लांबून बघता येतं. हात लावू देत नाहीत, आणि तेच मला फार आवडतं. माणसाला सरावलेलं पिल्लू जंगलात कसं टिकेल?

उद्यानालगतच्या रस्त्यावर विजेच्या कुंपणाशी हत्ती उभे असतात, कारण येणारे-जाणारे त्यांना फळं देतात. त्या आशेने ते कुंपण सोडत नाहीत, पुढे माणसांच्या अंगावर येतात. मुलांनी कितीही हट्ट केला तरी तिथे गाडी थांबवू नका. केळी तुम्हीच खा.