मालिकेचा नायक बदलला की वाचक काय म्हणतात, ते नीट कसं ऐकावं

पंधरा-वीस भाग झालेल्या साहसमालिकेत जुना नायक मागे सरतो आणि पुढच्या भागात सगळा कारभार बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हाती जातो. तालुक्याच्या वाचनालयात त्यावर दोनच वाक्यं ऐकू येतात. जुनी माणसं म्हणतात, ‘त्याला कामून म्हातारा केलं?’ सातवी-आठवीची पोरं म्हणतात, ‘लई भारी हाय, सर.’ एवढ्यावरून पुढचे भाग घ्यायचे की नाहीत, कोणत्या कपाटात ठेवायचे, प्रकाशकाला काय कळवायचं, यातलं काहीच ठरत नाही. तक्रारीत नाव पोरांचं असलं, तरी बहुतेक वेळा दुखणं वेगळं असतं: लेखकाने जुन्या नायकाचं काय केलं, हे. हे दोन धागे वेगळे काढता आले तरच वाचकांचं म्हणणं हाती लागतं. वाचनालयात किंवा वाचनकट्ट्यावर ते कसं करायचं, ते इथे दिलं आहे.

आधी देवघेव रजिस्टर

चर्चेची तारीख ठरवण्याआधी देवघेव रजिस्टर उघडा. गेल्या दोन वर्षांत या मालिकेचा कोणताही भाग नेलेल्या सभासदांची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने वाचलेला पहिला भाग कोणता, हे त्यालाच विचारून लिहा. यातून तीन गट पडतात. सुरुवातीचे भाग निघाले तेव्हापासून वाचणारे जुने, मालिका मध्यावर असताना आलेले मधले, आणि ज्यांच्या हाती नवाच भाग पहिल्यांदा पडला ते नवे.

वयावरून गट पाडू नका. पन्नाशीच्या बाईंनी नातवासाठी नेलेला नवा भाग स्वतःच वाचून काढला असेल, तर त्या नव्या वाचक आहेत आणि त्यांचं मत आठवीतल्या मुलाच्या मताशी जुळण्याचीच शक्यता जास्त. मालिकेत माणूस कोणत्या दाराने शिरला, यावर त्याची अपेक्षा ठरते.

प्रती आणि वेळ

बारा ते पंधरा वाचकांच्या कट्ट्याला नव्या भागाच्या तीन प्रती लागतात. एक प्रत सात दिवस, असे सहा आठवडे धरले तर कागदावर अठरा वाचनं होतात. उशिरा परत येणाऱ्या आणि घरातल्या घरात फिरणाऱ्या प्रती वजा जाता बारा-चौदा हाती लागतात. एकाच प्रतीवर काम भागवायला गेलात तर शेवटच्या माणसाच्या हाती पुस्तक येईपर्यंत शेवट गावभर झालेला असतो. मग तो पुस्तकावर बोलत नाही, ऐकलेल्या गोष्टीवर बोलतो.

मराठवाड्यात वेळ निवडताना शेती आणि स्थलांतर बघावंच लागतं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते. दसरा-दिवाळीपासून बीड, धाराशिव, जालना भागांतली कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि त्यांची पोरं अर्धं वर्ष यादीतून गळतात. लातूर-नांदेडकडे अकरावी-बारावीची मुलं क्लासमधून सुटतच नाहीत. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रती सोडाव्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाची धांदल सुरू होण्याआधी, बैठक घ्यावी. मे महिन्यात लग्नतिथी दाट असतात, पण त्याने वाचन थांबत नाही, फक्त बैठक होत नाही. खेड्यांवरचे वाचक आठवडी बाजाराला तालुक्याला येतात, म्हणून परतीची तारीख बाजाराच्याच वाराची द्या. हिवाळ्यातच काम करायचं असेल तर आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावाकडे हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांपर्यंत प्रती पोचवा. त्यांच्याकडे संध्याकाळचा वेळ असतो आणि पुस्तकं थोडी असतात.

कार्ड

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा आणि एक तुकडा प्रत्येक प्रतीत मागच्या पुठ्ठ्याच्या आत क्लिपने अडकवा. चिकटवू नका, कारण प्रत्येक वाचकाला कोरं कार्ड मिळालं पाहिजे. आधीच्याचं लिहिलेलं समोर दिसलं की पोरं तेच उतरवतात. कार्डावर चार प्रश्न पुरेत:

१. या मालिकेतला तुम्ही वाचलेला पहिला भाग कोणता?
२. पुस्तक कोणत्या पानावर थांबवलंत? किंवा कोणत्या पानावर खाली ठेववेना?
३. या भागात जुना नायक काय करतो? एका वाक्यात.
४. पुढचा भाग नेणार का? हो / नाही.

‘आवडलं का?’ हा प्रश्न मुद्दामच नाही. सरांच्या किंवा ग्रंथपालांच्या पुढ्यात मूल ‘छान आहे’ एवढंच म्हणतं. पानाचा आकडा मात्र खोटा लिहायला त्याला काही कारण नसतं. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा, कारण तिथे वाचक जे क्रियापद वापरतो त्यात त्याचा राग किंवा माया उतरते. ‘शिकवतो’ आणि ‘बघत बसतो’ यांत फार अंतर आहे.

सगळ्यात मोठी चूक होते ती पुस्तक पुरं केलेल्यांनाच कार्ड देण्याची. अर्ध्यात सोडणारा वाचक गुपचूप पुस्तक ठेवून निघून जातो, आणि नेमकं त्याचंच म्हणणं हवं असतं. प्रत परत घेतानाच, दाखल क्रमांकावर खूण करायच्या आधी, कार्ड मागून घ्या. कोणाला लिहायचा कंटाळा असेल तर तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. शिक्षकांना वर्गात बसून कार्डं भरून घ्यायला सांगू नका. सगळ्यांचं अक्षर वेगळं आणि मजकूर एकच, असा गठ्ठा येतो.

बैठक

दीड तास पुरे. सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी सहा, मधल्या उन्हात कोणी येत नाही. मुली यायला हव्या असतील तर सकाळचीच वेळ धरा आणि बोलणं चालवायला एखाद्या ताईंना बसवा.

सुरुवात उतारा कोणत्या भागातला ते न सांगता केलेल्या वाचनाने करा. जुन्या भागातला एक आणि नव्यातला एक, असे एकाच प्रकारच्या प्रसंगाचे दोन उतारे निवडा. पाठलाग असेल तर दोन्ही पाठलाग, भुयार असेल तर दोन्ही भुयारं. प्रत्येक उतारा दीड पानाचा, मोठ्याने वाचायला पाच मिनिटांचा. सगळी नावं काढून तिथे ‘तो’, ‘ती’ टाका आणि वय कळेल असे शब्द गाळा. दोन्ही वाचून झाल्यावर विचारा, यातला नवा कोणता? वाचकांना ओळखता आलं नाही, तर भाषा टिकून आहे आणि तक्रार दुसरीकडे आहे. पहिल्या दोन ओळींतच ओळखलं, तर कशावरून ओळखलं ते लिहून घ्या. मालिकेचा खरा बदल तिथे सापडतो.

नंतर बोलण्याचा क्रम: सगळ्यात लहान आधी, सगळ्यात मोठे शेवटी, प्रत्येकी दोन मिनिटं. आपल्याकडे अण्णा किंवा गुरुजी एकदा बोलले की त्यांच्यापुढे पोरं तोंड उघडत नाहीत, म्हणून हा क्रम मोडू देऊ नका. ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलं तर ते आनंदाने थांबतात.

कार्डांचे ढीग

आवडलं आणि नाही आवडलं असे दोन ढीग करू नका. त्यातून फक्त हात वर केलेल्यांची मोजदाद मिळते. कारणांनुसार ढीग करा.

पहिला ढीग जुन्या नायकाचा, आणि बहुधा तोच सगळ्यात उंच होतो. नव्या पोरांना जागा करून द्यायची तर लेखकाला जुन्याला हलवावंच लागतं. तो त्याला मारतो, दूर पाठवतो, आजारी पाडतो किंवा बावळट करतो. चौथ्या मार्गावर वाचक सगळ्यात जास्त चिडतात. या ढिगातलं चांगलं कार्ड असं दिसतं: ‘पान ८६. घाटात जीप बंद पडते आणि काका हातपाय गाळून बसतात. आधीच्या भागात हेच काका अंधारात इंजिन खोलत होते.’ हा वाचक पोरांवर चिडलेलाच नाही. पोरं हुशार दिसावीत म्हणून काकांची अक्कल काढून घेतली, यावर तो चिडला आहे. नुसतं ‘पहिल्यासारखी मजा नाही’ असं कार्ड आलं तर बैठकीत त्या वाचकाला पान विचारा. पान सांगता आलं तर कार्ड या ढिगात जातं. नाही सांगता आलं तर तो जुन्या दिवसांची आठवण काढतो आहे. ती खरी असते, पण तिच्यावर लेखकाला काही करता येत नाही.

वारसा कसा दिला यावर किती फरक पडतो, ते दोन उदाहरणांत स्पष्ट दिसतं. १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यावर संपवलं. त्याच्या जागी कोणालाच उभं केलं नाही. वाचक संतापले आणि १९०३ मध्ये होम्सला जिवंत परत आणावं लागलं. त्याउलट १९३६ पासून चालत आलेला चित्रकथांतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. जुन्या वाचकांना तो इंद्रजाल कॉमिक्समधून माहीत आहे. तो त्या घराण्यातला एकविसावा आहे, आणि बाप गेल्यावर मुलाने कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची, हा गोष्टीचा पायाच आहे. तिथे पुढची पिढी येणार हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. म्हणून बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा: नवी पोरं येणार याची चाहूल आधीच्या कोणत्या भागात लागली होती का? तीन-चार भाग आधी ती पोरं किरकोळ कामात का होईना दिसली असतील, तर तक्रारी कमी येतात असा अंदाज धरायला हरकत नाही.

दुसरा ढीग धोक्याचा. ‘आता काही होणार नाही हे माहीतच असतं’ अशी वाक्यं इथे येतात. लहान नायक म्हटल्यावर लेखकाचा हात आखडतो, आणि ऐन वेळी पोलीस किंवा मामा येऊन सोडवतात. हे तपासायला शेवटची तीन प्रकरणं घ्या आणि गोष्ट जिथे जिथे वळते तिथे पेन्सिलीने खूण करा: पोरांनी वळवली, मोठ्यांनी वळवली, की योगायोगाने वळली. निम्म्याहून जास्त खुणा मोठ्यांच्या आणि योगायोगाच्या निघाल्या, तर वाचकांची तक्रार रास्त आहे.

तिसरा ढीग चौदा ते अठरा वयाच्या वाचकांचा असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो, कारण ही मुलं कार्डावर फार लिहीत नाहीत. मुलांना नायक आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा लागतो. बारा वर्षांचा नायक दहा वर्षांच्या वाचकाला दादा वाटतो, सोळा वर्षांच्याला पोरगा वाटतो. त्यातच अक्षर मोठं झालं, चित्रं वाढली, पानं कमी झाली की त्याला आपल्याला खालच्या वर्गात बसवल्यासारखं वाटतं. एका जुन्या आणि एका नव्या भागातल्या दहा-दहा ओळींतले शब्द मोजून लिहून ठेवा. आकडा समोर असला की चर्चा भरकटत नाही.

नव्या वाचकांचा ढीग छोटा असतो. ते बहुतेक सुरुवातीच्या विसेक ते चाळीस पानांत थांबलेले असतात, कारण मागचं कोण कुठला ते कळत नाही.

नव्या नायकांत मुलगी पुढे असेल तर आणखी एक ढीग लागतो. ‘रात्री एकटी माळावर कशी जाईल? पटत नाही’ असं मोठे वाचक लिहितात. अशा प्रत्येक कार्डावर विचारा, त्याच रात्री त्याच माळावर मुलगा गेला असता तर पटलं असतं का? पटलं असतं, तर ती तक्रार पुस्तकाबद्दलची धरू नका. मुलींची कार्डं या ढिगाशेजारीच ठेवून वाचा.

त्यानंतर

पहिला नवा भाग सगळेच कुतूहलाने नेतात, त्यामुळे त्याच्या नोंदींवर जाऊ नका. खरा कौल दुसऱ्या भागाच्या मागणीत दिसतो. आणखी एक खूण बघा: नवे वाचक मागे जाऊन पहिला भाग मागायला लागले का? तसं असेल तर मालिका तगली, आणि जुन्या भागांचे फाटके पुठ्ठे बांधून घ्यायला हवेत.

कपाटाचं म्हणाल तर नव्या भागाची एक प्रत जुन्या भागांच्या रांगेतच ठेवा आणि एक बालविभागात. फक्त बालविभागात ठेवलीत तर मोठ्यांना ती दिसत नाही आणि दहावीतला मुलगा लाजेने तिकडे फिरकत नाही. नव्या भागाच्या पहिल्या पानाशी मागच्या गोष्टीचा एक पानी गोषवारा ठेवा, दीड-दोनशे शब्दांचा. त्यात पात्रं आणि नाती द्या, रहस्यं फोडू नका.

प्रकाशकाला पत्र लिहायचं तर एका पानात लिहा. कार्डं किती आली, कोणत्या गटातून किती, आणि सगळ्यात उंच ढिगातली तीन कार्डं पान क्रमांकासह जशीच्या तशी. छापून झालेली गोष्ट बदलता येत नाही. मुखपृष्ठावरचा वयोगट, अक्षराचा आकार, मागच्या गोष्टीचं पान आणि जुन्या भागांचं पुनर्मुद्रण मात्र पुढच्या आवृत्तीत बदलता येतं, म्हणून मागणी त्यांचीच करा. जुन्या नायकाबद्दल लिहायचं असेल तर त्याला परत आणा असं लिहू नका, त्याला पुढच्या भागात कोणतं काम द्यावं ते लिहा. कार्डं फेकू नका. पुढचा भाग येईल तेव्हा त्याच वाचकांना त्यांचं जुनं कार्ड आधी वाचायला द्या आणि मग नवं भरून घ्या.