फुकटच्या स्क्रीनशॉट साधनाला दर लावताना

संकेतस्थळाचा पत्ता दिला की त्या पानाचे संपूर्ण चित्र काढून देणारे साधन उभारणे आता अवघड राहिलेले नाही. गूगलने २०१७ साली क्रोम ब्राउझर पडद्याविना चालवण्याची सोय आणि त्यापाठोपाठ तो प्रोग्राममधून हाताळणारी पपेटिअर ही लायब्ररी उपलब्ध करून दिली, तेव्हापासून बऱ्यापैकी जावास्क्रिप्ट येणारा कोणीही सुट्टीच्या दोन दिवसांत ते करू शकतो. त्यामुळे नुसत्या चित्राचे पैसे मागितले, तर ग्राहक दुसरे फुकट साधन शोधेल. पैसे मिळतात ते चित्र ठरल्या वेळी, न चुकता आणि पुढे कोणालाही दाखवता येईल अशा स्वरूपात हाती येण्याचे.

म्हणून आपल्या फुकट साधनाचा दर ठरवण्यापूर्वी सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणी कधी कोणते पान मागितले याच्या नोंदी, वाचाव्यात आणि रोज त्याच वेळी तेच पान मागणारे कोण आहेत, हे पाहावे. मुंबईत दोन वर्गांकडे मी आधी वळेन. अंधेरी-लोअर परळकडच्या जाहिरात संस्थांना आपल्या ग्राहकाची जाहिरात बातम्यांच्या पानावर खरोखर झळकल्याचा पुरावा हवा असतो. फोर्टमधल्या वकिलांना बिल्डरच्या संकेतस्थळावरील मजकूर तो बदलला जाण्याआधी जपून ठेवायचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा, नमूद करावे लागते. चित्राबरोबर मूळ पत्ता, भारतीय प्रमाणवेळ आणि एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश दिल्यास वकिलाचे काम हलके होते. मात्र आपले चित्र ‘न्यायालयात ग्राह्य’ असल्याची जाहिरात करू नये. ते ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

दराचा पाया सर्व्हरच्या खर्चावर असावा. एखादे जड पान उघडताना क्रोम शेकडो मेगाबाइट मेमरी खातो, त्यामुळे एका यंत्रावर एका वेळी किती पाने निभतात हे मोजून त्यावरून प्रत्येक चित्राचा खर्च काढावा, आणि पान उघडलेच नाही तर ते चित्र ग्राहकाच्या कोट्यातून वजा करू नये. ही एक गोष्ट पाळली तरी तक्रारी निम्म्यावर येतात, असा माझा अनुभव आहे.

पैसे घेण्याआधी दारे बंद करावीत. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र एपीआय की, म्हणजे मागणी कोणाची हे ओळखणारी सांकेतिक किल्ली, आणि मर्यादा द्यावी. वापरकर्ता देईल तो पत्ता आपला सर्व्हर उघडत असल्याने अंतर्गत जाळ्यातील पत्ते, विशेषतः क्लाउड यंत्राची गुप्त माहिती जेथून मिळू शकते तो १६९.२५४.१६९.२५४, अडवणे अनिवार्य आहे. उघडलेल्या पत्त्याने दुसऱ्या पत्त्याकडे वळवले, तर ही तपासणी पुन्हा व्हायला हवी. सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरीसारखा फाँटही बसवावा. माझ्या पहिल्या ग्राहकाला मराठी दैनिकाच्या पानावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन मिळाले होते, आणि ते त्यानेच मला दाखवले.

वसुलीसाठी मासिक वर्गणी सोयीची असली, तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीसाठी आधी मंजुरी आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास अगोदर सूचना लागते. या साखळीत कुठेतरी वसुली अडकतेच, म्हणून सुरुवातीला यूपीआयने आगाऊ घेतलेले चित्रांचे संच मला अधिक बरे वाटतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. परदेशी ग्राहक मिळू लागल्यास मात्र त्याआधीच सनदी लेखापालाला विचारावे.

जुन्या वापरकर्त्यांना महिनाभर आधी ईमेलने कळवावे आणि रोजची थोडी चित्रे फुकट ठेवावीत, पण वेळापत्रक, हॅश आणि जुन्या चित्रांचा साठा या तीन सोयी पहिल्या दिवसापासून सशुल्कच असाव्यात, कारण एकदा फुकट दिलेली सोय काढून घेताना होणारा संताप नव्या सोयीला दर लावताना होत नाही.