आटे पाडताना लीड स्क्रू कधी सोडायचा?

छोट्या लेथवर कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) लीड स्क्रू नावाच्या लांब स्क्रूने सरकतं. ते थांबवायचे दोन मार्ग असतात: हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडणे किंवा टम्बलर गिअर (लीड स्क्रूकडे गती नेणारा, त्याची दिशा बदलणारा गिअर) न्यूट्रलला आणणे. साधं टर्निंग असेल तर कुठलाही चालतो, फक्त टम्बलर मशीन थांबवूनच हलवायचा. आटे पाडताना मात्र टम्बलरला हात लावू नका. तो सुटला की स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि लीड स्क्रू यांचा मेळ तुटतो आणि पुढच्या कटला टूल जुन्या आट्याच्या डोक्यावर चढतं.

हाफ नटचं गणित सोपं आहे. लीड स्क्रू ३ मिमी पिचचा (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) असेल तर १.५, १, ०.७५ किंवा ०.५ मिमीच्या आट्यांना नट कुठेही लावा. १.२५, १.७५ किंवा २ मिमीला असं चालत नाही. थ्रेड डायल (नट नेमका कधी लावायचा ते दाखवणारी तबकडी) नसेल तर नट शेवटपर्यंत लावलेलाच ठेवा, टूल बाहेर घ्या आणि मोटर उलटी फिरवून मागे या. सुरुवातीच्या जागेच्या थोडं मागे जाऊन मगच पुढे या, म्हणजे नटातला ढिलेपणा एकाच बाजूला बसतो. वेळखाऊ काम आहे, पण आटा चुकत नाही. चक (जॉब पकडणारा भाग) स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा असेल तर उलट फिरवताना तो सैल होऊ शकतो, म्हणून कट देत उलटं जाऊ नका.

डावे आटे हवे असतील तर मोटर नेहमीच्याच दिशेने ठेवून टम्बलरने फक्त लीड स्क्रू उलटा करा. टूल चककडच्या बाजूला जॉबवर कापलेल्या खाचेतून सुरू होऊन बाहेर सरकतं. टम्बलर बदलायचा तो पहिल्या कटच्या आधी, मशीन पूर्ण थांबल्यावरच. दात अडले तर चक हाताने जरासा फिरवा.