रायडिंग पँट निवडताना या चुका टाळा

घोडबंदर रोडने रोज ये-जा करणारे अनेकजण चांगल्या हेल्मेटसाठी हात सैल सोडतात, पण पायांत मात्र ऑफिसची सुती पँट असते, फार तर जीन्स. साधी जीन्स जाड वाटली तरी डांबरावर घासताच फाटते. म्हणून रायडिंग पँट, म्हणजे गुडघ्याशी आघात झेलणारे पॅड असलेली दुचाकीस्वारांची पँट, घ्यायचे ठरवणे योग्यच. परंतु सर्वांत मोठी चूक दुकानातल्या आरशासमोर उभे राहून होते.

उभे असताना गुडघ्याच्या वाटीवर नेमके बसलेले पॅड गाडीवर बसताच वर सरकते, कारण पाय दुमडला की कापड मांडीकडे खेचले जाते. त्यामुळे उभ्याने पाहताना पॅड वाटीच्या किंचित खाली असावे आणि पँटची खालची कड घोट्यापाशी थोडी गोळा व्हावी. शक्य असल्यास दुकानाबाहेर लावलेल्या आपल्याच गाडीवर बसावे, पाय फूटरेस्टवर ठेवावेत आणि पॅड हाताने डावीउजवीकडे ढकलून पाहावे. हे न करता मी ऐसपैस म्हणून एक माप मोठी पँट घेतली होती. पामबीच रोडच्या एका वळणावर वाळूवरून गाडी घसरली तेव्हा पॅड पोटरीकडे फिरले आणि सोलला तो गुडघाच. पँट आधीच घेतली असेल आणि पॅड फक्त वर-खाली होत असेल, तर आतला खिसा तपासावा. बऱ्याच पँटमध्ये वेल्क्रोने पॅडची उंची बदलता येते. ते गोल फिरत असेल, तर मात्र माप बदलण्यावाचून इलाज नाही.

दुसरी चूक लेबल वाचताना होते. पॅडवर ‘सीई’ ही युरोपीय मानकांची खूण छापलेली असली म्हणजे पँटही प्रमाणित आहे असे नाही. पॅडसाठी ईएन 1621-1 हे युरोपीय मानक आहे आणि त्यातली लेव्हल 2 ही लेव्हल 1 पेक्षा आघात कमी पोहोचू देते; संपूर्ण पँटसाठी मात्र ईएन 17092 हे वेगळे मानक असून त्यात एएए हा सर्वांत वरचा वर्ग आहे. बी वर्गात आघात झेलणारे पॅड नसतात, तर सी वर्गात पॅड असतात पण घासण्यापासून संरक्षण नसते. कमरेचे पॅड अनेकदा वेगळे विकत घ्यावे लागतात, हेही आधीच विचारून घ्यावे.

मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत जाड पँट कपाटातच राहते, तेव्हा रोजच्या वापराला जाळीदार कापडाची बरी. ऑफिसच्या कपड्यांवरून घालायची असेल, तर बाजूला पूर्ण लांबीची चेन असलेली ओव्हरपँट घ्यावी. पार्किंगमध्ये बूट न काढता ती उतरवता येते. पावसासाठी आतून लावायचे लायनर, म्हणजे पाणी अडवणारे अस्तर, मला पटत नाही. बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि माजिवड्याच्या पुलाखाली थांबून ते लावायचे, तर आधी पँट काढावी लागते! वरून घालायची रेनपँट सोयीची, फक्त तिचा पाय सायलेन्सरला टेकत नाही ना, हे गाडीवर बसूनच पाहावे, कारण तापलेल्या पाइपला लागताच ती वितळून चिकटते.