लघवीची घाई झाली की धावू नका

कळ अचानक येते आणि बाथरूमच्या दारातच कपडे ओले होतात. बरेचदा घात करते ती धावपळ: धावताना पोटाचा दाब मूत्राशयावर पडतो आणि घाबरल्याने कळ वाढते.

१. आहात तिथेच थांबा. जवळ खुर्ची असेल तर तिच्या कडक बैठकीवर बसा.

२. वायू रोखताना जे स्नायू आवळतो, ते ५-६ वेळा पटापट आवळा. प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडा; इथेच बहुतेकांचं चुकतं. श्वास रोखला जात असेल किंवा पोट-मांड्या ताठरत असतील, तर भलतेच स्नायू कामाला लागलेत.

३. १०० मधून ७-७ वजा करत मागे या. मन गुंतलं की कळ लाटेसारखी ओसरते.

४. ओसरल्यावरच उठा आणि सावकाश चालत जा.

हे जमलं की दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला १०-१५ मिनिटांनी वाढवा, ३ ते ४ तासांपर्यंत. 'निघायच्या आधी एकदा जाऊन येऊ' ही सवयही सोडा, तिने मूत्राशय थोड्याशा लघवीलाच कुरकुरायला शिकतं. पाणी मात्र तोडू नका. गडद लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. कमी करायचेच असतील तर चहा-कॉफी.

जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर हा सराव करत बसू नका, आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. लघवी तुंबली किंवा जांघेत, गुदाभोवती बधिरपणा आला तर त्याच दिवशी, तातडीने.